ग्रंथालयाच्या पानाची तळपट्टी

संकेतस्थळाच्या अगदी तळाशी असलेल्या चार ओळींवर लेख लिहिणे काहींना क्षुल्लक वाटेल. परंतु वाचक अडला की तो तेथेच उतरतो. ग्रंथालयाची वेळ, पत्ता, दूरध्वनी, तक्रारीची वाट, भाषेची निवड हे सारे त्या पट्टीत असते, आणि ती प्रत्येक पानाखाली पुन्हा उमटते. एका ठिकाणी केलेला बदल शेकडो पानांवर दिसावा, अशी जागा भाषेच्या कामात फार थोडी.

इचोड्याचा वाचक डोळ्यांपुढे आणावा. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे तालुके आणि शेजारच्या बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. इचोडा अलीकडे राहिला. रेषा बदलली, घरातली भाषा बदलली नाही. या वाचकास तेलुगू येते, इंग्रजीही कामापुरती येते; मात्र मदत मागताना मनुष्य आपल्या भाषेत अधिक नेमके बोलतो.

अडचण तंत्राची आहे काय? नाही. भारतातील अनेक ग्रंथालये वापरतात ती ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झाली व २००० साली कामास लागली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. तिच्या नव्या आवृत्त्यांत तळपट्टीचा मजकूर प्रत्येक भाषेसाठी निराळा ठेवता येतो. टक्केवारीचा हिशेब कोणी पुढे करील, तर त्यास सांगावे की येथे कागद लागत नाही, छपाई नाही. लागते ते एका जाणत्या माणसाचे अर्धा दिवस लक्ष.

ते लक्ष मात्र खरोखर लागते. यंत्राकडून भाषांतर करून घेतल्यास रोमन अक्षरांतील गावाचे नाव ‘इछोडा’ही होऊ शकते. (तेलुगूत तर ‘च’ दुप्पट होतो, तो त्या भाषेचा हक्क.) मजकुरास मराठीची भाषाखूण न लावल्यास दृष्टिहीनांसाठी वाचून दाखवणारे साधन तो हिंदी उच्चारांत वाचू शकते, आणि काही टंकांत मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ उमटत नाहीत. ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ्या’ नीट उमटतो का, तेही पाहून घ्यावे. केवळ ‘सुस्वागतम्’ लिहून मराठीचा मान राखल्याचे समाधान मला मान्य नाही. वाचकास स्वागत नको, पुस्तक कोठे मिळेल ते हवे आहे. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवा, हेही एक सूत्र आहे.

तेलुगू बांधवांना हे परके वाटू नये. निजामाच्या राज्यात दरबारची भाषा निराळी असताना त्यांनी १९०१ साली हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् उभारले. आपली मागणी त्यामानाने किती लहान!

मजकूर इचोड्याच्याच एखाद्या शिक्षकाकडून तपासून घ्यावा. त्यात बदलाची तारीख असावी, म्हणजे वेळ जुनी की नवी ते कळेल. आणि दिलेल्या क्रमांकावर मराठी जाणणारा मनुष्य रोज नसेल, तर तो कोणत्या वारी, किती वाजता भेटेल, तेवढे तेथेच लिहावे.