सीटचाही मध्यम मार्ग

६ डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करण्यासाठी काही तरुण सायकलने चैत्यभूमीला जातात. पुण्याहून जुन्या महामार्गाने दादर सुमारे १५० किलोमीटर. दम टिकतो, पण गुडघे आणि बैठक दगा देतात. परतल्यावर तर पाळीवर जायचे असते. खाडा परवडत नाही. म्हणून आमचे सांगणे, निघण्याच्या पंधरा दिवस आधी सीट लावून घ्या.

भिंतीला धरून सीटवर बसा. पायडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला की उंची जवळपास बरोबर. चालवताना चवडा ठेवावा, म्हणजे गुडघा किंचित वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखला किंवा कंबर दोन्हीकडे डुलू लागली तर वर आहे. सीट सपाट असावी. तिचे नाक वर राहिले तर नाजूक भाग दबून बधिर होतो. फार खाली गेले तर भार मनगटांवर येतो. जाड, मऊ सीट बाजारापुरती बरी. लांबच्या वाटेला शरीर तिच्यात रुतते. भार बसण्याच्या हाडांवरच हवा.

एका वेळी सूतभरच बदल करा आणि चालवून पाहा. वीणेची तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये, असे तथागतांनी सोण भिक्खूला समजावले होते. सीटचेही तसेच आहे. भावाची सीट बहिणीला चालत नाही. शाळेत जाणारी मुलगी वाढेल तशी तिचीही सीट वर करा. अंग दुखवून घेण्यात श्रद्धा नाही.

जयभीम!