विक्रोळीचे खाजण आणि आपल्या क्षारपड जमिनी



गळीत हंगाम आटोपला की दरवर्षी सभासदांच्या अभ्यास दौऱ्याचा विषय निघतो. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही आपली ठरलेली ठिकाणे. ती पाहावीतच. पण यंदा दौऱ्यातला एक दिवस मुंबईतील विक्रोळीसाठी राखून ठेवावा, अशी आमची संचालक मंडळास आग्रहाची सूचना आहे. कुणी म्हणेल, राणीचा बाग नि गेटवे सोडून विक्रोळीत काय ठेवलंय? तिथे खाऱ्या चिखलात उभे राहिलेले जंगल आहे. आणि खारावलेली जमीन हे आज आपल्या कार्यक्षेत्रातले मोठे दुखणे आहे.

ठाणे खाडीच्या पश्चिम काठाला, पूर्व द्रुतगती मार्गापलीकडे, खारफुटीचे हे रान पसरले आहे. १९४० च्या दशकात पिरोजशा गोदरेज यांनी विक्रोळीत जमीन घेतली. तिथे कारखाने झाले, कामगारांची वसाहत झाली. पण खाडीकडचा भाग भराव टाकून बुजवला नाही. त्याच्या जतनाचे व अभ्यासाचे काम १९८५ पासून स्वतंत्र केंद्रामार्फत चालते. जिथे हातभर जागेला सोन्याचा भाव, तिथे हे घडले हे ध्यानात घ्यावे. खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, गेली.

आता शेतकऱ्याने तिथे पाहायचे काय? मुळे पाहायची. सदा ओल्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळे बोटासारखी जमिनीबाहेर वर येतात आणि श्वास घेतात. तिवराच्या पानाला जीभ लावली तर खारट लागते, कारण अंगात आलेले मीठ ते झाड पानावाटे बाहेर टाकते. कांदळाचे बी तर झाडावरच रुजते. शेवग्याच्या शेंगेसारखा कोंब लोंबतो आणि खाली पडून चिखलात मूळ धरतो. शिवाय रोज दोनदा भरती येते तशी दोनदा ओहोटीही होते. आलेले पाणी परत जाते.

आपल्या उसाला यातले काहीच जमत नाही. त्याची मुळे हवेसाठी वर येत नाहीत, पाने मीठ टाकत नाहीत. आणि आपल्या रानात भरतीच भरती, ओहोटी कुठेच नाही! रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायची आणि घरी येऊन झोपायचे. लाईट जाईल तेव्हा पाणी बंद. पाणीपट्टी एकरावर असली की पाणी मोजायचे कुणी? काळ्या भारी जमिनीत असे पाणी मुरत राहते, खालची पातळी वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार वर साठतात. पांढरी खपली धरते. एकरी टन कमी होत जातात, मग खोडवा धरत नाही, शेवटी रान पडीक. सातबाऱ्यावर नाव आपले, पण पीक काही येत नाही. बेणे बदलून नि खताची पोती वाढवून यावर इलाज होणार नाही.

इलाज ठाऊक नाहीत असे नाही. ठिबक आहे, ताग-धैंचा गाडणे आहे, चोपण जमिनीला जिप्सम आहे. पण साठलेले पाणी बाहेर काढल्याखेरीज यांचा उपयोग थोडा. आणि निचरा ही एकट्याची गोष्ट नाही. आमच्या बांधाला चर काढला तर पाणी शेजाऱ्याच्या रानात जाते. ओढ्यापर्यंत न्यायचे तर दहाजणांचे बांध आडवे येतात. तिथे सहकारच लागतो. शिरोळच्या श्री दत्त कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले, जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकल्या आणि पडीक रानांत पुन्हा पीक उभे केले. त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये?

दौऱ्याची आखणी अशी व्हावी. रोहित पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे खाडीत असतात. आपली तोडणी लक्षात घेता एप्रिल सोयीचा. विक्रोळीला आधी परवानगी काढावी लागते. पलीकडे ऐरोलीला वन विभागाच्या केंद्रातून होडीने खाडी दाखवतात. होडी भरती पाहून सुटते. परतताना धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहावे. जिथे मुंबईचा कचरा टाकत, तिथे सुमारे ३७ एकरांवर झाडी उभी केली आणि १९९४ साली ती लोकांना खुली झाली. बिघडलेली जमीन सुधारते, याचा तो पुरावा. शेवटी जवळच्या कुंभारवाड्यात जावे. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ती वस्ती. मातीत पाणी जास्त झाले तर मडके उभे राहत नाही, हे चाकावरच कळते. आपल्याला ते कळायला दहा वर्षे लागतात, इतकाच फरक.

भाकरी घरची, तांब्या स्वतःचा. प्लॅस्टिकच्या बाटल्या गाडीत नकोत. सातबाऱ्यावर नाव नसले तरी दारे धरणाऱ्या माय-बहिणींनाही सोबत घ्यावे. खर्चाचा काही वाटा सभासदांनी उचलावा, आमची त्याला तयारी आहे.

मात्र नुसते फिरून येण्यात अर्थ नाही. परत आल्यावर गटवार क्षारपड रानांची यादी करावी आणि निचऱ्याची सामुदायिक योजना येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावी. कारखान्याची गाळप क्षमता वाढवण्याच्या गोष्टी आपण नेहमी करतो. पण जमीनच गेली तर ऊस कुठून आणणार, याचा विचार आधी व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.