प्राध्यापकाने गाऱ्हाणे सांगायचे, पण कोणाच्या कानात?

बडोद्यातल्या आपल्या जुन्या मराठी घरांतून कोणी ना कोणी महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवतो, नाहीतर शिकवून निवृत्त झालेला आहे. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2023 च्या नियमावलीने विद्यापीठांत लोकपाल नेमणे बंधनकारक केले. चांगले केले, पण तो लोकपाल विद्यार्थ्यांचा. विभागप्रमुख बढतीची फाइल दाबून ठेवतो, शोधनिबंधावर आपले नाव घुसडतो, असे म्हणणाऱ्या प्राध्यापकाने कुठे जायचे? अर्ज दिला की तो आवक बारनिशीत चढणार, चार टेबले फिरणार, आणि संध्याकाळी चहाच्या गाडीवर सगळ्यांना पाठ! पूर्वी निदान एखाद्या सिनेट सदस्याच्या कानावर घालता येई. 2023 च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सिनेट-सिंडिकेट गेली. ती काही संतांची सभा नव्हती, तरी एक दार होते.

म्हणून प्राध्यापकांसाठी वेगळा मध्यस्थ हवा, ही आमची मागणी. मात्र गुप्ततेची लेखी हमी नसेल तर तो नसलेलाच बरा. पोटातले ओठावर आणणारा मध्यस्थ हा मध्यस्थ नव्हे, खबऱ्या.

आम्ही बँकेत खर्डेघाशी करणारी माणसे. 1970 च्या राष्ट्रीयीकरण कायद्याच्या कलम 13 नुसार शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाला गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते. कोणाच्या खात्यात सातशे रुपये आहेत हे त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायचे नाही. सातशे रुपयांना एवढे संरक्षण, आणि माणसाच्या नोकरीला काहीच नाही? लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्यात कलम 16 आहे. तक्रारदाराचे नाव माहितीच्या अधिकाराखालीसुद्धा उघड करता येत नाही. म्हणजे सरकारला हे जमते, फक्त इतर जाचाच्या बाबतीत सुचत नाही.

नुसत्या तोंडी शब्दावर भागत नाही. अमेरिकेत कॅलटेक या संस्थेच्या मध्यस्थापुढे झालेले बोलणे 1995 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने उघड होऊ दिले नाही. दोनच वर्षांनी मॅकडोनेल डग्लस कंपनीच्या खटल्यात तिथल्याच एका संघीय अपील न्यायालयाने असे संरक्षण नाकारले. कायद्यात लिहिलेले नसले की असे होते.

काही जण म्हणतात, गुप्ततेच्या आड प्रशासन आपली पापे झाकील. शंका रास्त आहे. म्हणून गुप्तता तक्रारदाराच्या मालकीची असावी, कुलगुरूंच्या नव्हे. त्याला उघड तक्रार करायची असेल तर तो मार्ग खुला राहावा. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. मध्यस्थ कुलसचिवांच्या हाताखालचा नसावा, त्याची खोली प्रशासकीय इमारतीत नसावी, टिपणे काम झाल्यावर फाडावीत आणि त्याला चौकशीत साक्षीला बोलावू नये.

वार्षिक अहवालात विभागवार आकडेही छापू नयेत. मराठीसारख्या विभागात शिक्षक मोजके. 'मराठी विभाग : तक्रारी 1' एवढे छापले की नाव छापायची गरजच उरत नाही.