मोडलेला शब्द आणि सांगितलेलं खोटं

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. तेव्हापासून ‘गणपतीआधी रस्ता पूर्ण’ हे इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की चाकरमानी आता तारीख विचारत नाहीत. हातखंब्याला पोचायला किती तास लागले, एवढंच विचारतात. मग कुणीतरी संतापून म्हणतं, खोटं बोलणाऱ्या पुढाऱ्याला शिक्षा का नाही?

माझं मत असं: मोडलेल्या शब्दाला शिक्षा नको, पण माहीत असून सांगितलेल्या खोट्याला हवीच.

आधी मोडलेला शब्द पाहू. एप्रिल 2018 मध्ये उद्धव ठाकरे यांनी नाणारमध्ये येऊन रिफायनरी होणार नाही असं सांगितलं. जानेवारी 2022 मध्ये मुख्यमंत्री असताना त्यांनीच केंद्राला रिफायनरीसाठी बारसूची जागा सुचवली. पुढे सरकार बदललं आणि एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षण रोखायला बारसूच्या बाया रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यांचा राग रास्त होता. पण भूमिका बदलणं गुन्हा ठरवलं, तर चूक सुधारणाराही आरोपी होईल. हा हिशोब मतदानातच व्हावा. जाहीरनाम्यातलं आश्वासन भ्रष्ट आचरण ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2013 मध्ये सांगितलं आहे.

काम अर्धवट असल्याचा अहवाल हाती असताना सभेत ‘काम पूर्ण’ म्हणणं मात्र फसवणूक आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याविषयी खोटं विधान केलं तर निवडणूक रद्द होऊ शकते. उमेदवारी अर्जासोबतच्या खोट्या शपथपत्राला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. रस्ता, पाणी, दवाखान्याविषयी मतदाराला खोटं सांगितलं तर त्यात काहीच नाही. कायद्याने उमेदवाराची अब्रू राखली, मतदाराची राखली नाही.

तरीही खोटं ठरवण्याचा अधिकार पोलिसांच्या हाती नको. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना 1908 मध्ये लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. सत्तेला न रुचणारं सत्यही गुन्हा ठरतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. निकाल न्यायालयानेच द्यावा, तोही मुदतीत. देवेंद्र फडणवीस यांच्या 2014 च्या शपथपत्रावरचा खटला 2023 मध्ये संपला आणि ते निर्दोष सुटले. इतका उशीर ना त्यांना न्याय देतो, ना मतदाराला.

जाणीवपूर्वक फसवणाऱ्या लोकप्रतिनिधीला अपात्र ठरवणारा कायदा करू, असं वेल्सच्या सरकारने 2024 मध्ये सांगितलं. आपणही तेच मागावं: विधान वस्तुस्थितीचं असावं, ते खोटं असल्याचं बोलणाऱ्याला माहीत होतं हे कागदावर सिद्ध व्हावं, उच्च न्यायालयाने सहा महिन्यांत निकाल द्यावा. तुरुंग नको, पुढची उमेदवारी जावी. मग व्यासपीठावरून तारीख सांगण्याआधी मंत्री अभियंत्याचा अहवाल वाचतील.