सहा फूट तीन इंच

उंच माणसाला सल्ले भरपूर मिळतात, मापाचं काही मिळत नाही. ‘सीट वर करून देतो की साहेब, चिंता कशाला?’ असं म्हणत ॲलन-कीच्या दोन फेऱ्यांत माझ्या सहा फूट तीन इंचांचा निकाल लावणारे विक्रेते मला पुण्यात बरेच भेटले. एके काळी याच शहरात उंच गिऱ्हाईक दिसलं की दुकानदार चोवीस इंची काळी सायकल पुढे ओढायचा. आता रोडबाईक मांडलेल्या असतात त्या बहुतेक मिडियम आणि लार्ज. एक्सएल हवी तर मागवावी लागते, पैसे आधी भरावे लागतात, आणि न बसताच ती आपल्याला बसेल असं धरून चालावं लागतं.

सीट वर करण्याबद्दल माझी तक्रार नाही. ते गणित सोपंच आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर दाबायचं, तिथून जमिनीपर्यंत टेप लावायची आणि येणाऱ्या आकड्याला ०.८८३ ने गुणायचं. तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँच्या नावाने हे सूत्र चालतं. माझं माप ९२ सेंटिमीटर. म्हणजे क्रँक, अर्थात पेडलचा दांडा, ज्या आसावर फिरतो तिथून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ८१. पुढचं गुडघ्याला विचारावं. तो समोरून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून ताणला तर वर. मागून येणाऱ्या मित्राला आपली कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसली तर जास्तच वर.

खरी गोम पुढच्या बाजूला आहे. सीटची नळी सरळ उभी नसते. ७३ अंशांच्या आसपास मागे कललेली असते. त्यामुळे सीट १० सेंटिमीटर वर घेतली की ती जवळजवळ ३ सेंटिमीटर मागेही सरकते. हँडल बिचारं जागच्या जागी. म्हणजे लहान फ्रेमवर उंच माणूस चढवला की बूड वर आणि मागे, हात खाली आणि लांब. मग मान उचलून रस्ता बघायचा आणि अर्ध्या अंगाचा भार तळहातांवर सोसायचा. कात्रजचा बोगदा येईपर्यंत करंगळी आणि अनामिका मुंग्यांनी भरून जातात, कारण तळहाताच्या त्या कडेने जाणारी नस दाबली जाते. यावर लोक जेलचे हातमोजे घेतात, मग जेलची सीट घेतात. शेवटी सायकल गॅलरीत जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळतात.

फ्रेमवरच्या ५८ किंवा ६१ या आकड्यावर भिस्त ठेवू नये. एका कंपनीचा ५८ दुसरीच्या ५६ च्या जवळ जाऊ शकतो. १९९० च्या दशकात माइक बरोज या इंग्रज डिझायनरने जायंटसाठी उतरत्या आडव्या नळीची फ्रेम आणली. मोजक्या मापांत पुष्कळ माणसं बसू लागली, कारखान्यांची सोय झाली. दोन्ही टोकांच्या माणसांचं काय, हा प्रश्न राहिलाच. म्हणून बघायचे आकडे दोन: स्टॅक आणि रीच. क्रँकच्या आसापासून हँडलच्या नळीचं वरचं टोक सरळ वर किती, तो स्टॅक. आडवं पुढे किती, तो रीच. उंचांनी आधी स्टॅक बघावा. त्याच मापाच्या रेसिंग फ्रेमपेक्षा एन्ड्युरन्स फ्रेममध्ये तो दोन-तीन सेंटिमीटर जास्त मिळतो, आणि २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीत, ते दोन-तीन सेंटिमीटर म्हणजे सगळं काही. पण सगळे उंच एका साच्यातले नसतात. माझ्याच उंचीच्या एका मित्राचे पाय आखूड आणि धड लांब आहे. त्याला रीच हवा, मला स्टॅक. आम्ही सायकली बदलल्या तर दोघेही खेड शिवापूरच्या पुढे जाणार नाही.

क्रँकच्या लांबीबद्दल मात्र मी कुणाशी वाद घालत नाही. १९९४ मध्ये मिगेल इंदुराइन या सायकलपटूने तासाभरात ५३.०४० किलोमीटर जाऊन विक्रम केला तो १९० मिलिमीटरच्या क्रँकवर, असं सांगतात. गडी चांगलाच उंच. आता वारं उलटं फिरलंय, टूर-विजेता पोगाचार १६५ वर शर्यती मारतो. दुकानात मिळणार १७० ते १७५. माझा १७५ चा आहे, गुडघे गप्प आहेत, विषय संपला.

एक गोष्ट मात्र नवी सायकल घेताना अडून मागावी. फोर्कची नळी पहिल्या दिवशी कापू द्यायची नाही. हँडल खाली बसवलं की सायकल टूरमधल्यासारखी दिसते, म्हणून मेकॅनिक हौसेने ती आखूड करतो. कापलेली नळी पुन्हा वाढत नाही. आधी स्टेमखाली, म्हणजे त्या नळीवर हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली, कड्या घालून, स्टेम उलटा करून, महिनाभर चालवून बघावं. कार्बनच्या नळीवर किती कड्या चालतात याची मर्यादा कंपनीने दिलेली असते, ती पाळायची. तेवढ्याने भागलं नाही तर फ्रेमच चुकीची आहे, आणि हे पैसे भरण्याआधी कळलेलं बरं. माझ्या स्टेमखालचा कड्यांचा मनोरा रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी पोरांना बघवत नाही. ‘काका, स्लॅम करा ना!’ म्हणतात, म्हणजे हँडल पार खाली बसवा. त्यांची पाठ पंचविशीतली आहे. करतील ते.