हिशेब आमचा, प्रश्नही आमचेच

लक्ष्मीपूजनाला चोपडीवर हळदकुंकू वाहण्याची रीत आमच्याकडे अजून आहे. चोपडी मात्र संगणकात गेली. सोसायटीची खजिनदारी गळ्यात पडल्यापासून किर्द-खतावणी मी ‘ग्नूकॅश’मध्ये ठेवतो. १९९८ पासून वापरात असलेला हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि कुणालाही आतून उघडून पाहता येतो. नावे-जमा चोख, ताळेबंद एका टिचकीसरशी हजर.

पण वार्षिक सभेत ताळेबंद वाचून झाला, की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हमखास विचारतात, “ते सगळं खरं हो भाऊ, पण दुरुस्ती फंडातले पंपावर किती गेले आणि गच्चीवर किती? आणि कुणाची वर्गणी किती आली? एका कागदावर दाखवा ना!” काकूंची पेन्शन बेताची, आणि गच्चीच्या गळतीने त्यांच्या देवघराच्या भिंतीला पोपडे आलेले. त्यांनी विचारायचे नाही तर कोणी?

तयार अहवालांत व्यवहारांचा अहवाल पुष्कळ उपयोगी आहे. खाती निवडावी, तारखा द्याव्या, उपबेरजा मागाव्या आणि ही मांडणी नाव देऊन जतन करावी. बहुतेक घरांचे एवढ्यावर भागेल. मात्र खर्चाखाली सभासदवार वर्गणी, असा अगदी आपल्या मनाजोगता तक्ता हवा, तर गाठ पडते ‘स्कीम’ भाषेशी. १९७५ साली अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मलेली ही भाषा मोठी डौलदार, यात शंका नाही. पण तिच्यात दोन आणि तीन मिळवायचे तर आधी अधिकचे चिन्ह, मग दोन, मग तीन आणि भोवती कंस! असे कंसात कंस. घरात एखादा जाणता भाचा असला तर तो लिहून देतो; भाचा परगावी गेला, की अहवालही परगावी.

यावर ग्नूकॅशमध्येच एक उतारा आहे, ‘ईगाइल’चा साचा. साधे वेबपान लिहायचे आणि आकडा हवा तिथे तेवढा स्कीमचा तुकडा बसवायचा. पण मला मानवला तो दुसरा मार्ग. २०१० च्या २.४ आवृत्तीपासून हिशेब ‘एसक्यूलाइट’मध्ये साठवता येतो, मग ‘एसक्यूएल’च्या चार-सहा ओळींत प्रश्न विचारता येतो. तिथेही दोन गमती आहेत. रक्कम दोन पूर्णांकांत असते : साडेबाराशे रुपये पन्नास पैसे म्हणजे १२५०५० आणि १००. आणि आलेली वर्गणी उत्पन्नखात्यात उणे दिसते. जमेची बाजू ती! काकूंना हे दाखवले असते, तर माझी खजिनदारी त्याच सायंकाळी संपली असती.

म्हणून भागाकार आणि उणे-अधिक एकदाच मिटवून मी तारीख, खाते, तपशील आणि रुपये एवढेच दाखवणारा एक ‘व्ह्यू’ बांधून ठेवला. तोही हिशेबाच्या प्रतीवर. मूळ फाइलमध्ये बाहेरून लिहू नये, हे पथ्य पाळायचेच. माझ्या मते अहवाल सोपे करायचे ते असेच : किचकट काम जाणत्याने एकदाच करावे, प्रश्न मात्र कुणालाही बदलता यावा.

यंदाच्या सभेत कागद वाटला. तीन वर्षांत पंपाच्या किरकोळ दुरुस्त्यांनी गच्चीचे पैसे खाल्ले होते. नवा पंप घ्यायचा आणि गच्ची पावसाळ्याआधी करायची, असे ठरले. काकूंनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला. पुढच्या खेपेस त्यांना पाणीपट्टीही अशीच हवी आहे. मला फक्त खात्याचे नाव बदलावे लागेल.