सांगतो कोण?

अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाने २०२५ सालचा शब्द म्हणून ‘स्लॉप’ निवडला. इंग्रजीत हा शब्द जुनाच आहे. आधी त्याचा अर्थ चिखल, मग जनावरांपुढे ओतायचे उष्टेखरकटे. आपण खरकटवणी म्हणतो ना, तेच. आता एआयकडून ढिगाने बनवून घेतलेल्या, दर्जा नसलेल्या व्हिडिओंना आणि चित्रांना हा शब्द लावतात. मला तो चपखल वाटतो. खरकटवणी कोणी चव बघून रांधत नाही, समोरचे भांडे भरले की झाले. आणि सध्या हे भांडे घरोघरी तीन ते दहा वर्षांच्या मुलांचे आहे.

हे व्हिडिओ बनतात कसे ते एकदा समजून घ्या. एका एआयला सांगायचे, मुलांसाठी हजरत यूनुस (अ.) यांची गोष्ट लिहून दे. दुसऱ्याकडून चित्रे काढून घ्यायची, तिसऱ्याकडून आवाज. बनवणाऱ्याला गोष्ट माहीत असण्याची गरज नाही, भाषा येण्याचीही नाही. दिवसात असे पाच-सहा सहज निघतात. यूट्यूबवर चॅनेलला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे पाहणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज मिळाले, की जाहिरातींच्या कमाईत वाटा मागता येतो. तास मोजले जातात, त्या तासात मुलाला काय मिळाले ते कोण मोजणार? तीन वर्षांचे मूल एकच व्हिडिओ वीस वेळा बघते, कंटाळत नाही, तक्रार करत नाही. याहून चांगले गिऱ्हाईक कुठे मिळेल?

तसे हे एआयच्या आधीपासून चालू आहे. २०१७ मध्ये एल्सा, स्पायडरमॅन, पेपा पिग अशी मुलांची लाडकी पात्रे घेऊन केलेल्या भयानक आणि किळसवाण्या व्हिडिओंचा बोभाटा झाला. यूट्यूबने पुष्कळ चॅनेल काढून टाकली. २०१९ मध्ये मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याच्या प्रकरणात अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. पुढे मार्च २०२४ पासून यूट्यूबने नियम केला की एआयने केलेले दृश्य खरे वाटण्यासारखे असेल, तर तसे सांगितले पाहिजे. पण जे उघडच कार्टून आहे, त्याला ही सक्ती नाही. म्हणजे मोठ्यांना सावध करायची पाटी आहे, मुले जे बघतात त्यावर नेमकी ती लागेलच असे नाही! जुलै २०२५ मध्ये घाऊक, तेच ते व्हिडिओ काढणाऱ्यांना जाहिरातीचे पैसे नाहीत, हा नियम आणखी स्पष्ट करण्यात आला. पैसे बंद होतात, व्हिडिओ टाकायला मात्र बंदी नाही.

सहावीच्या वर्गाला मी ‘मला आवडलेली गोष्ट’ लिहायला दिली होती. एका मुलाने हजरत यूनुस (अ.) यांची लिहिली. अक्षर छान, शुद्धलेखन बरे. पण माशाच्या पोटात सोन्याचा दरवाजा होता, दरवाजाआड राजवाडा होता आणि मासा माणसासारखा बोलत होता. मी विचारले, “बेटा, हे कुठे वाचलंस?”

“वाचलं नाही टीचर, मोबाईलवर बघितलं.”

“सांगत कोण होतं?”

तो जरा थांबला. म्हणाला, “कोणी नाही. आवाज येतो.”

मला अश्लील किंवा हिंसक व्हिडिओंपेक्षा ही गोष्ट जास्त घोर लावते. घाणेरडे दिसले तर अम्मी मोबाईल हिसकावून घेते. इथे पडद्यावर मशीद आहे, चंद्र आहे, नाव नबींचे आहे, म्हणून घरातली मोठी माणसे निर्धास्त. काही व्हिडिओंत तर नबींचे चेहरेही रेखाटलेले असतात आणि स्वयंपाकघरातून नुसता आवाज ऐकणाऱ्या आईला त्याचा पत्ता नसतो. आपल्याकडे हदीस सांगताना आधी सनद येते, याच्याकडून त्याने ऐकले, त्याने अमक्याकडून. इमाम बुखारींनी बुखाऱ्याहून हिजाज, इराक, मिस्रपर्यंत प्रवास केला, तो ऐकणाऱ्यांची आणि सांगणाऱ्यांची ही साखळी तपासत. ज्यांच्या घरी ही शिस्त आहे, त्यांच्याच मुलांना आज सांगणाऱ्याचे नावच नसलेली गोष्ट ऐकायला मिळते.

भाषेचेही तेच. मी दोन्ही भाषा शिकवते, म्हणून कान तिकडे जातो. असल्या कितीतरी व्हिडिओंतल्या यंत्राच्या आवाजाला उर्दूतला क़ाफ जमत नाही, मराठीतला ‘ळ’ अडखळतो, ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला च एकच होतो. लहानग्यांना तर मुळात पडद्याकडून भाषा घेणे अवघड जाते. २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चिनी बोलणारी माणसे समोर बसून खेळली, तेव्हा बाळांना त्या भाषेतले ध्वनी ओळखता येऊ लागले. तेच व्हिडिओवर दाखवले, तर काहीच फरक पडला नाही.

आता कोणी म्हणेल, मोबाईल फेकून द्या. असली भाषणे मला पटत नाहीत. भाकरी तव्यावर, धाकटा रडतोय, नवरा परगावी. त्या बाईला वीस मिनिटे हवीच असतात. पालकसभेत मी एवढेच सांगते की चॅनेलच्या पानावर जाऊन बघा. रोज पाच व्हिडिओ येत असतील आणि माहितीत कोणा माणसाचे नाव नसेल, तर ते बंद करा. आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारे ऑटोप्लेचे बटणही बंद ठेवा. यूट्यूब किड्समध्ये आपण निवडलेलेच दिसेल अशी सोय आहे, पाचवी-सहावीतली मोठी बहीणसुद्धा ती लावून देते.

त्या सभेत एका आईने सांगितले. तिचा नवरा कतारला असतो. ड्यूटी संपली की तो मुलीला व्हॉट्सअॅपवर चार मिनिटांची गोष्ट पाठवतो, स्वतःच्या आवाजात, मागे खोलीतल्या पंख्याची घरघर. मुलगी ऐकते आणि उलट आपला आवाज पाठवते. परवा तिने विचारले होते, “अब्बू, तो मासा मग काय खात होता?” दुसऱ्या दिवशी उत्तर आले, “मला माहीत नाही गं. जुम्म्याला मौलानासाहेबांना विचारून सांगतो.”